साइन-कोसची संथा

"तू म्हणू नकोस. तू लिहून घे."

गुरुजी माझ्याकडे न बघता म्हणाले. माझं तोंड उघडलेलं होतं. 'साइनचं' एवढा शब्द बाहेर पडलाही होता. श्रीधरची ओळ संपली होती आणि त्याच्यानंतर माझी पाळी होती. रोज असायची. गुरुजींनी बोट उचललं, माझ्या डोक्यावरून पलीकडे नेलं आणि मुकुंदावर ठेवलं. माझी ओळ मुकुंदानं म्हटली. सगळ्यांनी त्याच्यामागून ती दोनदा म्हटली. मी तोंड मिटलं.

कुणी मला उठवलं नाही. जाजमावरून खाली बस, असंही कुणी म्हटलं नाही. माझी जागा तीच राहिली, खिडकीखालची, जिथून बालाजी घाटाच्या पायऱ्यांचा एक तुकडा दिसायचा. फक्त माझा आवाज काढून घेतला. गणिताच्या वर्गात. साइनचा लाप्लास ट्रान्सफॉर्म तू उच्चारायचा नाहीस, असं एका मुलीला सांगण्यात आलं.

हे वाचणाऱ्याला खोटं वाटेल. म्हणून नीट सांगते.

गुरुजी आमच्या कॉलेजात गणित शिकवायचे. बनारसमध्ये मुरलेलं जुनं मराठी घराणं. आजोबा, पणजोबा वेदपाठी. घरातली पाठशाळा कधीच बंद पडली होती, पण पाठशाळेची सवय सुटली नव्हती. बीएस्सीची काही निवडक मुलं ते सकाळी घरी बोलवायचे आणि गणित शिकवायचे. पैसे घ्यायचे नाहीत. विद्या विकायची नसते, म्हणायचे. विकायची नसते म्हणजे ती मागेल त्याला मिळते, असं मी समजले होते.

शिकवायची रीत संथेची. वेद शिकवतात तशी. गुरू एक ओळ म्हणणार, मग एक शिष्य ती म्हणणार, मग सगळे मिळून दोनदा. पुढची ओळ, पुढचा शिष्य. अक्षर बदलायचं नाही, सूर बदलायचा नाही. गुरुजींनी तरुणपणी गणिताची सूत्रं अशा ओळींत बसवली होती. भाषा मराठी, पण बनारसची. आम्ही घरी 'छेद' म्हणायचो, ते 'बटा' म्हणायचे. "साइनचं एक बटा एस-वर्ग अधिक एक. कोसचं एस बटा एस-वर्ग अधिक एक." हिंदी बोलणारी मुलंसुद्धा ही मराठी ओळ डोलत डोलत म्हणायची. ऐकायला गोड लागायचं. खोटं कशाला बोलू? मलाही आवडायचं.

मला त्यांनी स्वतः बोलावलं होतं. कॉलेजात मी एक शंका विचारली, तर बोलण्यावरून त्यांनी ओळखलं. "मराठी का गं तू?" आडनाव विचारलं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. त्यावरून काही कळत नाही. "उद्यापासून सकाळी घरी ये," म्हणाले. "आपली पोर या परक्या मुलखात मागं पडायला नको."

आपली पोर. पावसाळाभर मी आपली पोर होते.

मग कार्तिकात नागपूरहून पाहुणे आले. बाबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर. आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, पण गावाकडून जे कुणी सारनाथला येतात ते आमच्याकडेच उतरतात. त्यांना फिरवून आणायचं काम माझं, कारण आईला हिंदी नीट येत नाही. मी गुरुजींकडे सुट्टी मागितली.

"कुठले पाहुणे?"

"नागपूरचे. सारनाथला न्यायचंय त्यांना."

"मराठी माणूस काशीला येतो तो गंगेवर येतो. सारनाथला काय काम?"

"आम्ही बौद्ध आहोत, गुरुजी."

ते अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. हात थांबला नाही. "असं," म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "ये जाऊन."

मी जाऊन आले. आणि ते बोट माझ्यावरून पलीकडे गेलं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काहून वो बाई, तोंड असं काहून उतरलं तुयं?" मी सांगितलं. बाबा ड्युटीवरून आलेले, बनियनवर चहा पीत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला. "सोडून दे तो वर्ग. कोणाच्या घरी जाऊन शिकाची गरज नाही आपल्याले."

मी सोडला नाही. एक कारण साधं होतं. कॉलेजातली चाचणी गुरुजीच घ्यायचे, पेपर तेच तपासायचे, आणि चाचणीत नापास झालेल्याला विद्यापीठाच्या परीक्षेला बसू देत नसत. परीक्षा नाही तर डिग्री नाही. घरच्या वर्गात जे चालायचं तेच पेपरात यायचं.

दुसरं कारण सांगायला कठीण आहे. मी पत्रकांवर वाढले. बाबा दर वर्षी नागपूरला जायचे आणि चळवळीच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन यायचे. पातळ कागद, बोटाला शाई लागायची. शाळेत जायच्या आधी मी अक्षरं शिकले ती त्या कागदांवर. बाबा वाचायचे आणि मी मागून म्हणायचे. शिका, हा शब्द मला माझ्या नावाआधी वाचता येत होता. त्या शब्दाचा मी एक अर्थ लावून घेतला होता. आपलं उत्तर बरोबर आलं की समोरच्याला मानावंच लागतं. गणित तर गणितच. त्यात कुणाची जात निघणार? म्हणायला मनाई आहे ना, ठीक आहे. मी त्या सगळ्यांपेक्षा जास्त शिकीन. मग ते बोट आपोआप माझ्यावर थांबेल.

किती मूर्ख होते मी.

म्हणू देत नव्हते, म्हणून मी प्रत्येक ओळ काढून बघू लागले. मुलं म्हणायची, मी लिहायचे, आणि दुपारी घरी येऊन तपासायचे. ती ओळ आली कुठून, हे शोधायचे. त्यांना त्याची गरज नव्हती. त्यांना पाठ होतं.

लाप्लास ट्रान्सफॉर्म म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगते. काळाबरोबर बदलणारी एखादी गोष्ट घ्यायची, झोका किंवा तारेतली वीज, आणि तिला दुसऱ्या रूपात न्यायचं. त्या रूपात अवघड समीकरण साधं होतं, सोडवता येतं, मग उत्तर घेऊन परत यायचं. जायच्या आणि यायच्या वाटा ठरलेल्या आहेत. त्यांचा तक्ता असतो. गुरुजींची संथा म्हणजे तो तक्ता.

त्या संथेत एक ओळ होती. "दोघांच्या गुणाकाराचं, दोघांचा गुणाकार." म्हणजे साइन आणि कोस यांचा गुणाकार करून त्याचं रूप काढायचं असेल, तर साइनचं रूप घ्या, कोसचं रूप घ्या, आणि त्यांना गुणा. झालं. म्हणायला सोपं. लक्षात राहायला त्याहून सोपं.

मी सरळ मार्गानं काढलं. साइन गुणिले कोस म्हणजे दुप्पट कोनाच्या साइनचा अर्धा. हे बारावीच्या मुलालाही ठाऊक असतं. त्याचं रूप येतं एक बटा एस-वर्ग अधिक चार. संथेच्या ओळीनं काढलं तर येतं एस बटा एस-वर्ग अधिक एक, आणि त्या खालच्याचा परत वर्ग. दोन्ही वेगळी. मी एसच्या जागी एक घातला. माझ्या उत्तरात एक पंचमांश आला, संथेत एक चतुर्थांश. एकाच गोष्टीची दोन उत्तरं. एक खोटं असणारच.

मला वाटलं, चूक माझीच. असं वाटायची आम्हाला सवय असते. मी परत केलं, सबंध इंटिग्रेशन मांडून केलं. एक पंचमांशच.

मी वर्गात हात वर केला. "गुरुजी, शंका आहे."

"शंका संथेनंतर. ज्याची संथा झाली त्यानं विचारावी."

"माझी संथा तुम्ही घेत नाही."

"म्हणूनच सांगतोय."

मुलं हसली. श्रीधर गुरुजींचा पुतण्या, सगळ्यांत खणखणीत आवाज त्याचा. तो म्हणाला, "अगं, आधी पाठ तर कर, मग लाप्लासची गलती काढ!" गल्लीतून बाहेर पडताना मागून आणखी एकजण, "का हो गणितज्ञ जी, कोटे में जवाब भी अलग मिलता है का?"

मी मागं वळले नाही. पण ऐकलं. अजून ऐकू येतं.

कॉलेजच्या लायब्ररीत एक जाडं पुस्तक होतं, त्यात सापडलं. संथेची ओळ खोटी नव्हती. अर्धी होती. रूपांचा गुणाकार होतो, पण तो साध्या गुणाकारासाठी नाही. तो कन्व्होल्यूशनसाठी आहे. कन्व्होल्यूशन ही वेगळी क्रिया आहे. साधा गुणाकार त्या क्षणापुरता असतो. या क्षणी साइन किती, कोस किती, गुणा, मोकळे व्हा. मागच्या क्षणी काय झालं त्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. कन्व्होल्यूशनमध्ये सुरुवातीपासून आत्तापर्यंतचा प्रत्येक क्षण मोजावा लागतो. एकाचा जुना क्षण, दुसऱ्याचा त्याला सामोरा येणारा क्षण, त्यांचा गुणाकार, आणि अशा सगळ्यांची बेरीज. काही सुटत नाही. साइन आणि कोसचा साधा गुणाकार अर्ध्याच्या वर कधी जात नाही, खाली-वर होत राहतो. त्यांचं कन्व्होल्यूशन मात्र काळाबरोबर फुगत जातं, प्रत्येक लाट आधीच्या लाटेपेक्षा उंच, आणि त्याला शेवट नाही.

ते पान मी परत परत वाचलं. का, ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

गुरुजींना कन्व्होल्यूशन माहीत नसेल असं नाही. ओळ बांधताना तो शब्द बसला नसेल, म्हणून गाळला असेल. मग वर्षानुवर्षं संथा झाली. बदलायचं नाही, हाच नियम. शंका विचारायची नाही, तोही नियम. गाळलेलं परत येणार कुठून? नुसत्या पाठांतरानं शिकणाऱ्यांच्या घरातच अशी चूक इतकी वर्षं सुखानं नांदू शकते.

चाचणी आली. पेपरात तो प्रश्न होता. साइन टी गुणिले कोस टी, याचा लाप्लास ट्रान्सफॉर्म काढा. सर्वांत जास्त गुण त्यालाच. मी पूर्ण कृती लिहिली. एकेक पायरी. शेवटी एक बटा एस-वर्ग अधिक चार, आणि खाली दोन रेघा.

पेपर परत मिळाले. संथेच्या सगळ्या मुलांना त्या प्रश्नाचे पूर्ण गुण. कृती कुणाचीच नाही, नुसती दोन रूपं आणि त्यांचा गुणाकार. मला शून्य. त्या एका शून्यानं मी नापास.

मी उभी राहिले. कॉलेजच्या वर्गात गुरुजी हिंदीत शिकवायचे. "सर, मेरा उत्तर देख लीजिए."

"आओ," म्हणाले. "बोर्ड पर लिखो. सबको दिखाओ क्या लिखा है."

त्यांना तमाशा करायचा होता. मी फळ्यापाशी गेले. उत्तर लिहिलं. मागून श्रीधर संथेच्या सुरात गुणगुणला, "दोघांच्या गुणाकाराचं..." आणि दोन-तीन जणांनी पुढचं अर्धं पूर्ण केलं. ज्यांना मराठी येत नव्हतं तेही हसले. गुरुजींनी त्यांना थांबवलं नाही.

मी त्या उत्तराच्या शेजारी दोन आकृत्या काढल्या. एकीत साइन गुणिले कोस. वर-खाली, वर-खाली, अर्ध्याच्या आत. दुसरीत संथेचं उत्तर परत आणलं तर जे मिळतं ते. ती लाट प्रत्येक फेरीला वाढत फळ्याच्या कडेपर्यंत गेली. खडू तुटला. या दोन आकृत्या एक नाहीत, हे बघायला गणित लागत नाही. डोळे लागतात.

गुरुजी फळ्याकडे बघत राहिले. मग माझ्या जवळ आले आणि हळू आवाजात, मराठीत म्हणाले, "पूस ते. घरचं घरात बघू."

वर्गात हिंदी आणि मला मराठी. म्हणजे बाकीच्यांना कळू नये. ज्या भाषेत मला म्हणायची मनाई होती, त्याच भाषेत आता मला गप्प बसायला सांगत होते. माझ्या आईची भाषा. तिचा बोळा करून माझ्या तोंडात कोंबायला आले होते.

मी हिंदीत उत्तर दिलं. मोठ्यानं. शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं.

"सर कह रहे हैं, मिटा दो. इसमें गलत क्या है, पहले बताइए. तब मिटाऊँगी."

"बैठ जाओ."

"गलत क्या है, सर?"

त्यांनी डस्टर उचललं आणि स्वतः पुसलं. दोन्ही आकृत्या, उत्तर, सगळं. मग म्हणाले, "आगे चलते हैं." आणि पुढचा धडा सुरू केला. मी फळ्यापाशी उभीच राहिले. तास संपेपर्यंत. मी उभी होते तेवढी जागा सोडून त्यांनी दोन्ही बाजूंना लिहिलं.

तासानंतर त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं. आता ओरडतील असं वाटलं. ते ओरडले नाहीत. आवाज मऊ होता, आपली पोर म्हणतानाचा.

"तुझं उत्तर बरोबर आहे."

मी विचारलं, "तुम्हाला आत्ता कळलं?"

ते खांबाकडे बघत म्हणाले, "पेपर तपासतानाच लक्षात आलं होतं."

"मग शून्य का दिलंत?"

"बाकीच्यांचे पेपर तपासून झाले होते. तुझं बरोबर धरायचं तर त्या सगळ्यांना नापास करायचं. एकट्या तुझ्यासाठी? आणि काय सांगू त्यांना? की जे म्हणवून घेतलं ते चुकीचं होतं?"

"हो. तेच सांगा."

"हे बघ. डोकं शांत ठेव. एक कागद लिहून दे, की घाईत कृती चुकली, विचार व्हावा. मी कृपेचे गुण देतो. पास होशील. परीक्षेला बस. वर्षाचा प्रश्न आहे तुझ्या."

"बरोबर उत्तराला कृपा कशाला? गुण द्या."

"पोरी, आपण मराठी माणसं. परमुलखात एकमेकांना सांभाळून घ्यायला हवं."

"संथेत मी मराठी नव्हते?"

त्यांचा चेहरा बदलला. "ती गोष्ट वेगळी. ते माझं घर आहे. आणि मी तुला घरातून घालवलं नाही, हे विसरू नकोस."

मी विसरले नाही. मला जाजमावर बसू दिलं, लिहू दिलं, ऐकू दिलं. याचे आभार मानायचे होते. आणि त्या आभारांच्या बदल्यात माझ्या हातानं लिहून द्यायचं होतं की मी चुकले.

त्या व्हरांड्यात माझ्यातलं काहीतरी कायमचं मोडलं. मोडायलाच हवं होतं. मी समजत होते की ते अडाणीपणानं असं वागतात. त्यांना दाखवलं, पटवलं, सिद्ध केलं की वागणं बदलेल. पण त्यांना माहीत होतं. पेपर हातात घेतला तेव्हाच माहीत होतं. माहीत असून त्यांनी ते शून्य काढलं, गोल, नीट, लाल शाईनं. ज्याला माहीतच आहे, त्याला तुम्ही काय शिकवणार?

"मी लिहून देणार नाही," मी म्हटलं.

"मग मी काही करू शकत नाही."

"तुम्ही केलंय, सर."

पहिल्यांदा मी त्यांना सर म्हटलं. समोरासमोर मराठी बोलताना. त्यांनाही ते कळलं.

घरी सांगितलं. मला वाटलं बाबा पेटून उठतील. पत्रकं आणणारा माणूस. त्यांनी माझ्या पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "लिहून दे. कागदच तं हाय."

"बाबा?"

"वर्ष जाईल तुयं. मले शिकवू नोको. मी बी लिहून देल्लं होतं एकदा. मशीन साहेबाच्या हातून बिघडली. म्या लिहून देलं, माह्या हातून बिघडली. नोकरी वाचली."

"मग?"

"मंग काय? आजवरी फिटरच हाय."

बाबांच्या नंतर भरती झालेली माणसं त्यांच्या वर साहेब झाली, हे आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. का, ते त्या दिवशी कळलं. आई चुलीपाशी होती. ती न वळता म्हणाली, "तुमी देल्लं तं देल्लं. तिले नोका सांगू."

बाबांनी मान खाली घातली. मला त्यांचा राग आला नाही. ज्या साहेबानं तो कागद लिहून घेतला, त्याचा आला. तो साहेब मी कधी पाहिला नाही. पण त्याचा चेहरा मला ठाऊक आहे. तो पेपर तपासतो आणि मऊ आवाजात बोलतो.

मी विभागप्रमुखांकडे गेले. उत्तर आणि पुस्तक दोन्ही समोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "उत्तर तो ठीक है," म्हणाले. मग चष्मा काढला. "लेकिन अंदरूनी नंबर में हम दखल नहीं देते. गुरुजी बुजुर्ग आदमी हैं. आप माफी माँग लीजिए, बात खत्म."

बात खत्म. ठीक आहे उत्तर, पण माफी माग. या देशात बरोबर उत्तर देऊन माफी मागणाऱ्यांची रांग किती लांब आहे, ते या लोकांनी कधी वळून पाहिलं नाही. मी पुस्तक उचललं आणि बाहेर आले.

परीक्षेला मला बसू दिलं नाही. श्रीधर बसला, मुकुंद बसला. पास झाले. एकजण आता शाळेत गणित शिकवतो असं ऐकते. त्याच्या वर्गातली मुलं कदाचित या क्षणी ती अर्धी ओळ डोलत म्हणत असतील.

आता कुणी मला समजावतं, जाऊ दे, एक प्रश्न तर होता, एका दिवसाची गोष्ट, विसर. चांगल्या मनानं सांगतात. पण ते साधा गुणाकार करतात. त्या क्षणी एक माणूस, त्या क्षणी एक अपमान, गुणलं, मोकळे झाले. आमचा हिशोब तसा होत नाही. माझ्यावरून गेलेल्या त्या बोटात बाबांचा कागद मोजावा लागतो. आजीला विहिरीवरून परत पाठवलेली दुपार मोजावी लागते. जे मी पाहिलंही नाही तेही मोजावं लागतं. ते सगळं आजच्या क्षणाला येऊन भिडतं आणि लाट मागच्यापेक्षा उंच होते. ही माझ्या स्वभावाची खोड नाही. हे गणित आहे, आणि ते मला आता पाठ न करता येतं.

हे लिहिताना मी परत त्याच वर्षात आहे. तोच वर्ग, तेच सर. घरच्या संथेला मी जात नाही. मला बोलावलंही नाही आणि बोलावलं तरी जाणार नाही. त्या जाजमावरची जागा त्यांना लखलाभ. कॉलेजात मात्र मी पहिल्या बाकावर बसते. शंका आली की हात वर करत नाही, उभी राहते आणि विचारते, हिंदीत, सगळ्यांना कळेल असं. सर माझ्याकडे बघत नाहीत. उत्तर मात्र द्यावं लागतं, कारण आता मागच्या बाकावरची दोन-तीन मुलंही माझ्या प्रश्नाच्या उत्तराची वाट बघतात. परवा त्यांतल्या एकीनं स्वतःचा प्रश्न विचारला. आवाज कापत होता तिचा. पण तिनं विचारला.

चाचणी येईल. तो प्रश्न परत येईल किंवा येणार नाही. आला तर मी तेच उत्तर लिहीन. परत शून्य मिळालं तर परत बसेन, आणि परत तेच लिहीन. माझ्या हातून चुकीची कबुली त्यांना मिळणार नाही, एका ओळीचीही नाही.

आणि पास झाल्यावर मी नोकरी शोधत दुसऱ्या गावाला पळणार नाही. मी एमएस्सी करणार, त्यापुढचंही करणार, आणि याच विभागात अर्ज टाकणार. मला त्यांची माफी नको. त्यांच्या घरात मान नको. मला ती खुर्ची हवी, जिच्यावर बसून शून्य दिलं जातं. ती मी घेणार.